आग्नेल सरांचं 'कशावरून?'

आग्नेल सर बरोबर उत्तरालाही शून्य द्यायचे. भूमितीच्या पेपरात पायरीपुढे कारण लिहिलेलं नसलं, की लाल शाईत एकच शब्द यायचा: 'कशावरून?' डिचोलीच्या आमच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचे, ते गणित. शिक्षकांच्या खोलीतही त्यांचा हाच खाक्या. हेडमास्तर बोलावतात असं शिपायाने सांगितलं, तरी हे हातावरचा खडू पुसत विचारणार, "कशावेल्यान?" शिपाई बिचारा चिठ्ठी आणायला परत जायचा.

तेव्हा गोव्यात राजभाषा मराठी की कोकणी, हा वाद पेटलेला होता. आमच्या खोलीत टेबलाच्या दोन टोकांना दोन गट बसायचे आणि चहासुद्धा वेगवेगळा मागवायचे. आग्नेल सर मराठीतून शिकवायचे, कोकणीतून प्रार्थना करायचे आणि मधल्या खुर्चीवर बसून डब्यातला पाव खायचे. कोणी छेडलंच तर म्हणायचे, "वर्तूळ दोनूय भाशांनी गोलच."

शाळेआधी ते रोज इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊन यायचे. एकदा मी त्यांना गाठलं. "सर, एका कारणासाठी पोरांना शून्य देता. मग देव आहे, हे कशावरून?" मला वाटलं, आता सापडले. त्यांनी शांतपणे डबा बंद केला.

"बाई, प्रमेयाच्या सुरवातीक पक्ष बरयतात मू? दिलेलें आसता तें. पक्ष कोण सिद्ध करता? ताचेर उबें रावून फुडलें करपाचें."

ही पळवाट झाली, असं मी म्हटलं. "आसूं येता," म्हणाले आणि वर्गावर गेले.

त्यांची एकुलती मुलगी लुर्दिन माझ्याच वर्गात, सहावीत होती. अक्षर मोत्यासारखं, पण चार पावलं धावली की ओठ निळे पडायचे. हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. मुंबईला शस्त्रक्रिया करायचं ठरलं. वाचेलच असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आणि केली नाही तर फार दिवस नाहीत, हे मात्र स्पष्ट सांगितलं होतं.

मला राहवेना. शुक्रवारी उपास धरून मी आमच्या गावच्या देवळात गेले आणि देवीला प्रसाद लावला. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून भटजी आपला प्रश्न देवीपुढे मांडतात; उजवीकडची आधी पडली तर उत्तर अनुकूल. मुलगी बरी होईल ना, एवढंच मी विचारलं. उजवी पडली, आणि तीही लगेच.

ती पाकळी कागदात बांधून मी तडक, उपाशीपोटीच सरांच्या घरी गेले. लुर्दिन पायरीवर बसून मुंबईला न्यायच्या वह्यांना कव्हरं घालत होती. मी म्हटलं, "सर, देवीनं उजवी दिली. आता काळजी नाही." सरांनी दोन्ही हात पुढे करून पाकळी घेतली. साऱ्या जगाला 'कशावरून' विचारणाऱ्या माणसाने मला काहीही विचारलं नाही.

लुर्दिन शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी गेली.

अंत्यविधीला मी इगर्जेत मागच्या बाकावर बसले आणि सरांना न भेटता घरी आले. सरांच्या समोर जायची मला लाज वाटत होती. बापाच्या हातात खोटी आशा ठेवून आले होते मी. देवीचाही असा राग आला, की देवळाची वाटच सोडली. सर पंधरा दिवसांनी शाळेत आले. उभे राहून प्रमेय शिकवलं, वह्या तपासल्या. लाल शाईत पुन्हा 'कशावरून?' दिसू लागलं.

शेवटी खोलीत दुसरं कोणी नसताना मीच म्हटलं, "सर, पाकळी उजवी पडली होती. खरंच."

"पडली आसतली."

"मग तुम्ही तेव्हा काही विचारलं कसं नाहीत?"

"तुमी माझ्या चेडवाखातीर उपाशी रावलीं. तें म्हाका दिसलें. आनीक कितें विचारूं?"

मला रडू आलं. रडतच मी विचारलं, की एवढं झाल्यावरही तुमचा विश्वास शाबूत कसा.

"विश्वास पुराव्याचेर आसलो जाल्यार लुर्दिनावांगडा पुरलो आसतो," ते म्हणाले. "म्हाका राग येता, बाई. सकाळीं इगर्जेंत बसून हांव देवाकडे झगडटां. तो नासलो जाल्यार कोणाकडे झगडपाचें?"

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही एकत्र काम केलं. शुक्रवारी शाळा सुटली की ते विचारायचे, "बाई, देवळांत वचना?" मी 'नाही जात' म्हणून मान हलवायचे. "राग आसा मगे अजून?" आहे म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. "आसूं दी. राग आसा म्हणल्यार सगळें सोंपलें ना."

गोवा राज्य होऊन दहा वर्षं झाली, त्या सुमाराला सर वारले. आजार असा काही नव्हता. सकाळी इगर्जेतून आले, खुर्चीवर बसले आणि गेले. लुर्दिनच्या शेजारीच त्यांना पुरलं. मूठभर माती मीही टाकली.

पुढच्या शुक्रवारी पाय आपोआप देवळाकडे वळले. भटजींनी मला ओळखलं. इतक्या वर्षांनी आले म्हणजे मोठंच संकट असणार, असं समजून त्यांनी लगबगीने पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि विचारलं, "कितें विचारपाचें?"

मी म्हटलं, "काही नाही. बसायला आले."