दर्शनी भिंतीवरचं कापड

धाकटीचा हात भरतकामावर असा बसलेला, की कारखान्यात तिच्या जागी दुसरी कुणी बसली तर मुकादम खेकसायचा. घरी मात्र तिने सुई हातात धरली ती एकदाच, आणि तीही थोरल्या जावेला टोचायला.

त्याचं असं झालं. धाकटीच्या नवऱ्याला एक इंजेक्शन चालत नसे. एकदा दिलं तेव्हा अंग सुजून श्वास कोंडला होता. म्हणून तिने पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत तसं लिहून तो बाहेरच्या खोलीत दाराशेजारी टांगला. "मी कामावर असेन. घरात जो असेल त्याच्या हाताला लागला पाहिजे," म्हणायची. पण थोरलीच्या लेकीच्या लग्नाचं बोलायला पाहुणे यायचे ठरले, आणि थोरलीने पुठ्ठा उचलून गाद्यांखाली सारला. पाहुण्यांनी पाऊल टाकल्या टाकल्या घरातली दुखणी कशाला दिसायला हवीत?

पाहुणे बसलेले असतानाच धाकटीचा नवरा तापाने कोसळला. त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं.

"कुठलं औषध चालत नाही का यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

थोरलीने शेजारी उभ्या पाहुणीकडे एकवार बघितलं. "छे हो! आमच्याकडे कुणाला काही नाही."

धाकटी धावत पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. सोयरीक मात्र जमली.

धाकटी देवापुढे हात जोडायची नि म्हणायची, "तिला माफ करायचं तर तू कर. ते तुझं काम. मला सवड नाही." खरंच नव्हती. सुट्टी मिळेल तेव्हा ती पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याने भरत बसायची. लग्नानंतर व्याही पहिल्यांदा जेवायला यायचे होते, त्या सकाळी तिने ते कापड दर्शनी भिंतीवर ठोकलं. घरातल्या प्रत्येकाची एक ओळ. थोरली सगळ्यांत वर: वय एकसष्ट, साखरेचा आजार, बेशुद्ध पडल्यास आधी दातांची कवळी काढा.

"अगं बये, कवळीसुद्धा भरलीस! आणि वय? मी त्यांना चोपन्न सांगितलंय!"

"मग औषध चोपन्नच्या बाईला देतील, जाऊबाई. मरेल ती एकसष्टची."

"काढ म्हणते ना!"

"खिळे लांब आहेत."

व्याही आले. विहीणबाई चष्मा लावून भिंतीशीच उभ्या राहिल्या. "अगंबाई, साखर? आणि लग्नात माझ्या बरोबरीने गोडावर ताव मारलात!" मग त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "हे कोण, इंजेक्शन न चालणारे?"

थोरलीने धाकटीकडे बघितलं. धाकटी पेल्यांत पाणी ओतत राहिली. "सांगा की, जाऊबाई. तुम्हाला तर पाठ आहे."

"भावजी," थोरली भिंतीकडे बघत म्हणाली. "तुमच्या गाडीतून नेलं ते. मला ठाऊक होतं. तुम्ही शेजारी होतात... म्हणून बोलले नाही."

विहीणबाईंनी चष्मा उतरवला. जेवण कसंबसं उरकलं. जाताना त्यांनी धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले. थोरलीकडे वळूनही बघितलं नाही.

दार लागलं तशी थोरली म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं? उतरव आता ते."

"का म्हणून?" धाकटी ताटं गोळा करत म्हणाली. "मी कामावर असताना तुम्हाला काही झालं तर डॉक्टरांना सांगायचं कुणी? मी तुम्हाला इतक्यात सुटू देणार नाही. भरपूर जगा. आणि रोज समोर बसून वाचा."