चौदा कुरडया

जयपूरला बदली होऊन आम्हाला दुसरं वर्ष होतं. चैत्राचं ऊन कडक, म्हणून मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. दिवेलागणीला जुन्या धोतरावरून त्या सोडवत बसले होते. एकाएकी माझी सावली समोरच्या भिंतीवर पडली आणि पळायला लागली. वर पाहिलं तर हिरवट-पांढरा गोळा, चंद्राहून मोठा, मागे शेपूट. आमेरच्या डोंगरापलीकडे जाऊन फुटला. आवाज नाही. माझे हात थांबले नाहीत. चिकटलेली कुरडई अर्धवट सोडली की मोडते. गोळा फुटल्यापासून मोजून चौदावी सोडवली आणि धडाम झालं. पाण्याच्या टाकीचं झाकण थरथरलं.

दोन दिवसांनी पेपरात आलं की, कोणी पाहिलं असेल तर वेधशाळेला कळवावं. दिशा, आणि उजेडानंतर आवाज किती वेळाने आला. मी कार्ड घेऊन बसले. आमचे हे केंद्र सरकारच्या ऑफिसात, ते हसायला लागले.

"चौथी शिकलेल्या बाईचं कोण वाचतंय? माझ्या नावाने लिहितो. दोन मिनिटं टाकू."

"तुम्ही पाहिलंत?" मी विचारलं.

तेव्हा ते भाजी आणायला गेले होते.

मोडक्यातोडक्या हिंदीत मीच लिहिलं. चौदा कुरडया, असंच.

आठवड्याने वेधशाळेचे एक साहेब घरी आले. "बहनजी, कुरडई मतलब?" मी डब्यातली दाखवली. त्यांनी घड्याळ काढलं, म्हणाले, सोडवून दाखवा. मी सांगितलं, वाळलेल्या सुट्या काय सोडवायच्या? गहू तीन दिवस भिजले पाहिजेत, मग चीक, मग ऊन. पुढच्या रविवारी या.

आले की! मी धोतरावर बसले, ते घड्याळ धरून उभे. माझे हात त्या संध्याकाळसारखेच भराभर चालले. चौदावी सुटली तेव्हा दीड मिनिटाला पाच सेकंद कमी होते. पुन्हा चौदा सोडवायला लावल्या. एका सेकंदाचा फरक. साहेबांचा चेहरा उजळला. एवढं नेमकं कोणीच कळवलं नव्हतं म्हणाले. बाकी सगळ्यांनी "थोड्या वेळाने" लिहिलं होतं.

वहीत नाव कोणाचं, असं त्यांनी विचारलं. हे खाकरले. मी माझं सांगितलं, ते त्यांनी लिहून घेतलं.

साहेबांना लगेच चार कुरडया तळून दिल्या. यांना दुसऱ्या दिवशी.