तिलवाऱ्याचा पूल न ओलांडता

विड्या वळून वळून माझ्या आईच्या बोटांची टोकं काळी पडली होती. बाबा गेल्यावर गोंदियाकडच्या आमच्या गावात दोघींचं घर त्या विड्यांवरच चाललं. तेंदूपत्ता ओला असला की माल नापास व्हायचा, मग रात्रीला नुसता भात आणि मीठ. त्या घरातून मी बी.एस्सी. झाले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. आईनं माझ्याजवळ जन्मात एकच गोष्ट मागितली, नर्मदेची परिक्रमा. तिचे गुडघे पायी चालण्याचे राहिले नव्हते. म्हणून तीन सिलिंडरची एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि दिवाळीनंतर आम्ही दोघी ओंकारेश्वरहून निघालो.

परिक्रमेचा नियम सोपा आहे. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही. वळायचं ते समुद्राशी आणि अमरकंटकला उगमाशी. ओलांडली की संकल्प मोडला.

अमरकंटकपर्यंत गाडीनं तक्रार केली नाही. उगमाचं दर्शन घेऊन दक्षिण तटानं परत फिरलो, त्या सकाळी मात्र ती सुरू झाली ती हिवताप भरल्यासारखी थरथरत. मागून पांढरा धूर. दोन मिनिटांत धूर गेला, थरथर गेली, आणि दिवसभर गाडी शहाण्यासारखी पळाली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. वाटेतल्या एका मेकॅनिकनं तिन्ही प्लग बदलले. दुसऱ्यानं प्लगच्या तारा बदलल्या. तिसरा म्हणाला, "पेट्रोल में मिलावट है." मी तिघांवरही विश्वास ठेवला आणि सकाळी पुन्हा तोच धूर.

माझ्या मनात हेड गॅसकेटची शंका होतीच. इंजिनाचा खालचा भाग आणि वरचं हेड यांच्यामध्ये ही पातळ पट्टी असते. ती फाटली की इंजिन गार ठेवणारं पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं. पण मग पाणी कमी व्हायला हवं. मी रोज अंघोळ करून आले की बोनेट उघडून बघायची. पाण्याची बाटली काठोकाठ. तेलाचं झाकण उघडलं, तेलात पाणी मिसळल्याचा दुधाळपणा नाही. म्हणजे गॅसकेट नाही. मग काय? विज्ञानाच्या शिक्षिकेला काही कळेना.

लखनादौनहून जबलपूरच्या हमरस्त्याला लागलो. साल-सागवानाची जंगलं मागे पडली, ट्रकांची रांग लागली. दुपारी तिलवाऱ्याचा पूल दिसला आणि त्याच क्षणी तापमानाचा काटा लालवर गेला. बोनेटमधून वाफ. पुलाच्या अलीकडे चहाच्या टपरीजवळ कशीबशी थांबले.

टपरीवाल्या दीदी धावत आल्या. "नर्मदे हर, माताराम! परकम्मावासी (परिक्रमा करणारे) हो? अरे, मिस्तरी तो सब पुल के उस पार हैं. पाँच मिनट का रस्ता."

आईनं दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. "मी नाही जात."

"गाडी ओढून नेऊ, आई. तू इथंच बस."

"मग गाडीची परिक्रमा मोडते. आणि मोडलेल्या गाडीत बसून मी पुढं काहून जाऊ?"

शेवटी दीदींनीच एका मिस्तरीला फोन लावला, आणि तासाभरानं स्कूटरवर विलासभाऊ आले. राहणार महाराजपूर, केस पांढरे, खिशात नटबोल्टचे पाने. आमचं बोलणं ऐकून थबकले. "अरे, तुम्ही मराठी? आमचे आजोबा अमरावतीचे. घरी मी मराठीच बोलून राहिलो, पोरं मात्र हिंदीत जवाब देतात. अच्छा, बोला."

मी सगळं सांगितलं. "प्लग बदलले, तारा बदलल्या. निघाल्यापासून पाणी रोज बघते, एक थेंब कमी नाही."

"बारा-तेरा दिवसांत एक थेंब नाही?"

"नाही."

"चांगल्या गाडीचंबी थोडं तर कमी होते, मॅडम." त्यांनी डोकं खाजवलं. "हे तर अपनी समझ के बाहर है."

इंजिन थंड होईस्तोवर चहा आला. आईनं एकदा बोनेटकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "भाऊ, गाडीला जास्त पाणी पाजलं तर बाधते काय?"

"कोण पाजते?"

"मी. ही रेखा अंघोळीला गेली की. बाटली रिकामी दिसते, तर मी लोटाभर मैयाचं पाणी टाकते. लेकरू दिवसभर धावून राहिलं, तहान तर लागनच ना."

मी कप खाली ठेवला. "तुला बोनेट उघडता येतं?"

"तू उघडते तं पाहते ना मी."

विलासभाऊ इतके हसले की चहा शर्टावर सांडला. "काकू! पोरगी रोज थर्मामीटर लावून राहिली, आणि तुम्ही त्याच्या आधीच पेशंटचा ताप पुसून टाकत होत्या!"

मग त्यांनी रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केली. पाण्यात भराभर बुडबुडे आले. प्लग काढले. दोन तपकिरी, तिसरा घासून ठेवलेल्या ताटासारखा स्वच्छ. "हा बघा. याच्या घरात पाणी चाललं. रात्री साचते, सकाळी धूर होऊन निघते. गॅसकेट दरवेळी तेलाकडंच फाटत नाही, मॅडम." मी मान हलवली. माझ्या पुस्तकात हे होतं की नव्हतं, ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी टपरीमागच्या आश्रमाच्या आवारात त्यांनी हेड उतरवलं. त्यावर लोखंडी पट्टी ठेवली, तर खालून उजेड दिसला. तापून वाकलं होतं. "हे रिछाईच्या कारखान्यात मशीनवर सपाट करून आणावं लागते. पुलापलीकडं. इथं हातानं घासून बसवतो, पण ओंकारेश्वरपर्यंत टिकनच असं सांगत नाही."

मी आईकडे पाहिलं. घासून बसवलं आणि वाटेत गाडी बसली, तर परिक्रमा अर्धवट. पलीकडे नेलं, तर आईच्या हिशेबी मोडली. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं तो ॲल्युमिनियमचा एक तुकडा होता, पण खरं तर मलाही ठरवता येत नव्हतं.

आई हेडभोवती एक फेरी मारून आली. चाकांकडे पाहिलं. मग म्हणाली, "जमिनीला चाकं लागतात. चाकांनी ओलांडू नये. हे तर जमिनीला कधी टेकलंच नाही. जाऊन येऊ द्या."

"हा नियम कोणी सांगितला?" मी विचारलं.

"कोणी नाही. आत्ता केला."

विलासभाऊंनी हेड गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर बांधलं. पुलावरून ते दिसेनासे होईपर्यंत आई हात जोडून उभी होती. मला हसावं की हात जोडावे, कळेना. शेवटी मीही जोडले.

आश्रमात आम्ही तीन दिवस राहिलो. सदाव्रत (परिक्रमावासींना मिळणारा कोरडा शिधा) मिळायचं, आई त्याचे टिक्कड (जाड हातभाकऱ्या) भाजायची. पलीकडे सगळं जबलपूर होतं आणि आम्ही त्यात पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या सायंकाळी नवी गॅसकेट बसली. लगेच बाटलीवर मी खडूनं खूण केली आणि पाणी टाकायचं नाही अशी आईला माझ्या गळ्याची शपथ घातली. चौथ्या सकाळी गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली. धूर नाही, थरथर नाही. पाणी खुणेवरच.

गोटेगाव, नरसिंहपूर करत पुढे निघालो. इतके दिवस मी इंजिनाला सगळं विचारत होते, शेजारी बसलेल्या बाईला एकदाही विचारलं नव्हतं. हे मी आता वर्गात मुलांना सांगते, नाव न घेता.

ओंकारेश्वरला आईनं निघताना भरून घेतलेलं संकल्पाचं पाणी वाहिलं. नदी मध्ये कुठेही ओलांडली गेली नाही. माझ्या आईची परिक्रमा पूर्ण झाली, आणि गाडी मी चालवली.