झापलेटालकाकांचं 'फॉन'

व्हिएन्नात आमच्या वेळी अख्खी सरदारकी नावाआधीच्या 'फॉन' या एका शब्दात मावत असे. पूर्वी ती रणात तलवार गाजवून मिळे. पुढे लढाई पाहिलेल्या अधिकाऱ्याने तीस वर्षं चाकरी केली की नुसता अर्ज पुरे. माझे काका कॅप्टन झापलेटाल चांभाराचे चिरंजीव. त्यांना आयुष्यात तेवढंच हवं होतं. दारावर लावायची 'फॉन झापलेटाल' अशी पितळी पाटीसुद्धा त्यांनी आधीच कोरून आणली होती.

कॅफेतला वेटर अलोइस मात्र बक्षिशी देणाऱ्या प्रत्येकाला 'फॉन' लावायचा. या शहराची रीतच ती. काका खवळायचे. "खोटं नको! तीस वर्षं भरली की म्हण."

"तोवर मी मरेन, साहेब."

एकोणीसशे अठराच्या नोव्हेंबरात बादशाही बुडाली. काकांना पाच आठवडे कमी पडले. पुढच्या वसंतात नव्या सरकारने कायदा करून सगळ्या पदव्याच बंद केल्या.

त्या आठवड्यात मी काकांबरोबर कॅफेत गेले. अलोइस म्हणाला, "काय आणू, कॅप्टनसाहेब?"

काका म्हणाले, "अलोइस, पूर्वीसारखं म्हण ना."

"वा! बक्षिशीवर वाटत होतो तेव्हा नको होतं. आता तो गुन्हा आहे."

काकांनी कॉफी सांगितली. अलोइसने कॉफी आणली, दाराकडे एकदा पाहिलं आणि वाकून हळूच म्हणाला, "घ्या, फॉन झापलेटालसाहेब."

या खेपेला काकांनी त्याला टोकलं नाही. पाटी मात्र त्यांनी कधीच लावली नाही.