न कापलेल्या काकड्या

मैत्रिणींनो, ट्रेनिंग कॉलेज सुटलं तरी आपली फिरती वही टपालाने येते, म्हणून आजची गोष्ट आजच लिहिते. पाय अजून ठणकताहेत.

इतिहासाच्या धड्यासाठी वर्गातल्या मुलींना घेऊन पेठच्या किल्ल्यावर गेले होते. तोफ पाहून झाली. तटाच्या आडोशाला काकडीचे वेल दिसले. माझ्या वर्गातली ठाकर जमातीची एकच मुलगी, सोमी, ओरडली, "बाई, ही आमची बाग!"

तिची आई आली. टोपलीभर अख्ख्या काकड्या आणि कोयता दगडावर ठेवून लांब उभी राहिली. "तुमीच कापा बाय. आमच्या हातचं पोरींना चालायचं नाय."

सोमीने मान खाली घातली.

मी कोयता उचलून तिच्या आईच्या हातात दिला. "तुम्हीच द्या कापून."

पहिली फोड मी खाल्ली. मग एकेक हात पुढे आला. खोतांची कमळी तेवढी फोड मुठीत धरून गड उतरली.

गावाच्या वेशीवर तिने ती पटकन तोंडात टाकली. "गोड आहे बाई. पण आमच्या आईला सांगू नका हं."

मी हो म्हटलं. चुकलं का गं माझं?