तिच्या नावाची बाटली

"भरून दे. नाव हिचं लागेल."

भुसावळच्या मैदानालगतचं न्हाणीघर. फिनेलचा उग्र वास, ओल्या फरशीचा गारवा, माझ्या गुडघ्यावर वाळत चाललेली काळी माती. बाईसाहेबांनी काचेची रिकामी बाटली माझ्या तळहातावर ठेवली. त्या आमच्या कारखान्याच्या महिला फुटबॉल संघाच्या व्यवस्थापक, तिथल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्यांची मुलगी आमची कप्तान. ती भिंतीला टेकून नखं कुरतडत होती.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. उत्तेजक औषधांची चाचणी आमच्या सामन्यांना प्रथमच आली होती आणि चिठ्ठीत कप्तानाचा क्रमांक निघाला होता. ती गोळ्या घेते, हे साऱ्या संघाला ठाऊक होतं. नमुना घेताना चाचणीच्या बाईंनी समोर उभं राहायचं, असा नियम. बाईसाहेबांनी त्यांना व्हरांड्यात चहाला बसवलं होतं.

"तुझ्या अंगात काय असणार? भाकरी नि ठेचा!" बाईसाहेब हसल्या. "तुला कोण पकडतंय?"

"मम्मी, लवकर कर ना."

"सोमवारी साहेब तुझ्या कागदावर सही करतील," बाईसाहेब मला म्हणाल्या.

तो कागद माझ्या कायम नोकरीचा. सहा महिने साहेबांच्या टेबलावर पडून होता.

जळगावला, याच बाईसाहेबांच्या बंगल्यावर, सरावानंतर सगळ्या मुलींना सरबताचे पेले मिळत. मला ओंजळीत वरून पाणी. धार मनगटावरून कोपरापर्यंत ओघळे, बाही अंगाला चिकटून राही. मी प्यायचे. वर 'पुरे' म्हणायचे, नम्रपणे. माझ्या ओठांचा स्पर्श ज्यांच्या पेल्याला चालत नव्हता, त्यांना आज माझं मूत्र चालत होतं. लेकीच्या नावाने. सीलबंद करून.

मला भीती वाटली नाही. किळस आली; आणि आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःची नव्हती, त्यांची होती.

मी बाटली फरशीवर ठेवली. दार उघडलं. व्हरांड्यातल्या बाईंपाशी गेले आणि अगदी हळू म्हणाले, "कप्तानाचा नमुना कप्तानच देईल. तुम्ही आत चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला, उठल्या.

त्या नमुन्याचा निकाल आमच्यापर्यंत कधीच आला नाही. पुढच्या मोसमात कप्तान तीच होती. मला मात्र 'बेशिस्तीबद्दल' संघातून काढलं. आबा, माझे वडील, त्याच कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांच्याकरवी साहेबांनी निरोप धाडला. आबा उंबऱ्याशी उभे राहिले, कपड्यांना कोळशाचा वास, नजर जमिनीवर.

"साहेब म्हने, माफी लिखी दे. परत संघात लेसूत."

"आबा, तुम्ही काय म्हणता?"

ते म्हणाले, "मी काय म्हनू, पोरी. मन्ही नोकरी तठेच शे."

त्यांची नोकरी तिथेच होती; त्यांचा राग मी केला नाही. माफीही लिहिली नाही. आजवर नाही, यापुढे नाही.

अपराध माझ्याकडून एकच घडला. त्या दिवशी मी हळू बोलले. मान खाली घालून, कुणाची अब्रू सांडू नये अशा बेताने बोलले. ती अब्रू राखण्याचं काम माझं नव्हतं. आता मी मोठ्याने बोलते. नावं घेऊन बोलते. समोर आबांचे साहेब असले तरी.