आवाजाची राखीव जागा

उंचीमुळे घरी त्याला लहानपणापासून टॉवर म्हणत. पुढे तो मोबाइल कंपनीतच चिकटला, तेव्हा बाबा म्हणाले, "नाव आम्ही आधी ठेवलं, नोकरी मागाहून आली."

काम जागावाटपाचं. प्रत्येक टॉवरच्या हद्दीत हवेतली जागा मोजकी. एक व्हिडिओ हातपाय पसरून बसतो. तेवढ्याच जागेत कितीतरी माणसांचं बोलणं दाटीवाटीनं मावतं. म्हणून थोडी जागा बोलण्यासाठी राखून ठेवायची. रिकामी राहिली तरी व्हिडिओला द्यायची नाही. किती राखायची, ते तो ठरवायचा.

"म्हणजे बसमधली म्हाताऱ्यांची सीट," आई म्हणाली होती.

"तशीच."

"मग तिथे तरुणच बसलेले असणार."

फुटबॉलचा अंतिम सामना जवळ आला तसं साहेबांनी त्याला बोलावलं. टेकडीवरच्या वस्तीत व्हिडिओ अडकतो म्हणून कंपनीच्या ॲपवर लोक शिव्या घालत होते. त्याच वस्तीत त्याचे आईबाबा राहत.

"तिथली राखीव जागा काढ," साहेब म्हणाले.

"फोन लागायचे नाहीत, साहेब."

"हल्ली बोलतंय कोण? काढून तर बघ. तक्रारी आल्या की परत ठेव."

त्यानं जरा ओढून धरलं, मग मान तुकवली. जागा काढली. ॲप थंडावलं. फोन लागत नाही अशी एकही तक्रार आली नाही. साहेबांनी पाठ थोपटली. तो निर्धास्त झाला.

सामन्याच्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला.

"टॉवर, आता चित्र अजिबात अडकत नाही रे. कोणाचा वशिला लावलास?"

"तुमच्या मुलाचा."

"अरे वा. कामाला आला म्हणायचा."

ते शेवटचं बोलणं.

दुपारी बाबा खुर्चीत सामना बघत होते. फोन हातातून मांडीवर घसरला आणि ते एका बाजूला कलले. आईनं आपला बटणांचा फोन घेतला. आधी टॉवरला लावला, मग गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांना. दर वेळी तीच बाई तेच सांगे, नेटवर्क व्यस्त आहे. बाबांच्या मांडीवर सामना चालूच होता. चित्र स्वच्छ होतं. कुठेही अडकत नव्हतं.

गुडघ्यांमुळे आईला जिना उतरवत नसे. तिनं खिडकीतून हाका मारल्या. पण तेवढ्यात गोल झाला आणि सगळी इमारत ओरडली. मध्यंतरात खालचा भाडेकरू हवा खायला बाहेर आला, तेव्हा त्याला ऐकू गेलं. तो डॉक्टरांना घेऊन धावत आला. डॉक्टरांनी मनगट धरलं, आणि खाली ठेवलं.

सगळं आटोपल्यावर आई आणि तो स्वयंपाकघरात बसले होते. चहा निवून गेला होता.

"तू कामात असशील, म्हणून लागत नाही, असं वाटलं मला," आई म्हणाली. ती त्याचीच समजूत काढत होती.

मग त्यानं सांगितलं. म्हाताऱ्यांची सीट त्यानंच काढली होती. बाबांचं चित्र त्यामुळेच अडकत नव्हतं.

आईनं हातातला कप खाली ठेवला.

"पण फोन लागत नाही अशी एकही तक्रार नव्हती, आई. मी रोज बघत होतो."

"त्याची तक्रार कुठे करायची असते?"

"एक नंबर आहे. त्यावर फोन—"

तो थांबला. आईनं कप उचलले आणि धुवायला घेतले. पाणी तिनं मोठं सोडलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं कोणाला न विचारता राखीव जागा परत ठेवली. साहेबांना ती दिसली. ते त्याच्या टेबलाशी आले, खांद्यावर हात ठेवला, बाबांबद्दल चार शब्द बोलले. मग हळूच म्हणाले, "पण ती जागा कशाला ठेवलीस? तक्रार तर एकही नाही."

"एक आहे, साहेब."

कोणाची, ते त्यांनी विचारलं नाही.